दाढ दुखायची आपोआप थांबली, तरी रूट कॅनाल करावंच लागतं का?

हो, आणि उशीर करू नका. तुम्ही लिहिलंय की चार रात्री ठणका होता, गरम चहा लागला की कळ थेट कानात जायची, आणि मग एका सकाळी सगळं शांत. माझ्या खालच्या दाढेचं अगदी असंच झालं होतं. मीही सुटले म्हणून खूश झाले होते.

दाताच्या आत मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती कडक भिंत असल्यामुळे सुजेला जागाच मिळत नाही. रात्री आडवं पडलं की ठणका वाढतो तो म्हणूनच. पुढे हा गर मरतो आणि कळ थांबते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडाकडे उतरत राहतात. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, म्हणजे गोळ्यांचं औषधही पोचत नाही. मेडिकलमधून तोच अँटिबायोटिकचा कोर्स पुन्हा पुन्हा आणू नका.

दुखण्याची भीती वाटत असेल, तर बधिर केल्यावर मला फक्त दाब जाणवला. सुजलेली दाढ कधीकधी पटकन बधिर होत नाही. कळ आली तर हात वर करा, डॉक्टर आणखी औषध देतात. रूट कॅनालमध्ये सुईसारख्या बारीक फाइलने मुळांच्या आतल्या नळ्या साफ करतात, मधेमधे औषधाने धुतात (वास कपड्यांच्या ब्लीचसारखा, कारण रसायन तेच). खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या दाढेतली चौथी तर लपूनच बसते. एखादी राहिली तर जंतूही राहतात, म्हणून डॉक्टरांना घाई करायला लावू नका. मधुमेह असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

आता माझी चूक. दोन सिटिंगमध्ये काम झालं, दुखणं गेलं, आणि कॅप (दाढेवर बसवायचं टोपण) 'पुढच्या महिन्यात' म्हणत मी सात महिने काढले. दिवाळीत चकली चावताना कट्कन आवाज आला. दाढ उभी चिरली होती, थेट मुळापर्यंत, काढावीच लागली. डॉक्टरांनी दोन्ही तुकडे ट्रेमध्ये ठेवून दाखवले. एका तुकड्यात नळीत भरलेली गटापर्चाची (रबरासारख्या पदार्थाची) गुलाबी काडी जशीच्या तशी होती. आतलं काम चोख झालं होतं, वरून पोखरलेल्या दाढेला आधार तेवढा नव्हता. पुढच्या दाताला दरवेळी कॅप लागतेच असं नाही, पण चावायच्या दाढेला टाळू नका. खर्च विचारताना कॅपसकट विचारा.

पैशांची अडचण असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय बघा. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, तेवढी सवड काढा.

आणि गाल किंवा जबड्याखाली सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.