ओटावाचा सौम्य हिवाळा आणि तुमची तयारी

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. येत्या नोव्हेंबरात सहकुटुंब ओटावाला येण्याचे तुम्ही ठरवले आहे, आणि 2023-24 मध्ये इकडे हिवाळा फारसा झालाच नाही असे वाचल्यामुळे जड कपड्यांचा व मोटारीच्या हिवाळी टायरांचा खर्च टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय तुमच्या मुलीला बर्फाची फार हौस आहे, तेव्हा तो तिला पाहायला मिळेल की नाही, हेही तुम्हाला हवे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे ‘बहुधा हो’ असे आहे, आणि ओटावाविषयी लिहिताना त्यात ‘बहुधा’ घालावे लागते याचे मला मनापासून दुःख आहे.

तुम्ही वाचलेल्या बातम्या खऱ्या आहेत. डिसेंबर 2023 ते फेब्रुवारी 2024 हा कॅनडाच्या 1948 पासूनच्या नोंदींमधील सर्वांत उबदार हिवाळा ठरला आणि देशाचे सरासरी तापमान नेहमीपेक्षा 5 अंशांहून अधिक चढे राहिले. एल निन्योचा, म्हणजे काही वर्षांनी प्रशांत महासागराचे वरचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याचा, त्यात मोठा वाटा होता. एल निन्यो दर वर्षी येत नाही, त्यामुळे पुढचा हिवाळा असाच जाईल या हिशेबाने सामान बांधणे धोक्याचे आहे. दुसरीकडे, एल निन्यो ओसरला म्हणजे सारे पूर्ववत होईल असेही मानता येत नाही, कारण कॅनडा जगाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने तापत आहे आणि ही वाढ सर्वाधिक हिवाळ्यातच दिसते. एखादे वर्ष कडाक्याचे जाईल, एखादे ओलसर आणि करडे जाईल, आणि कोणते वर्ष तुमच्या वाट्याला येणार हे विमानात बसेपर्यंत कळणार नाही. तयारी मात्र सरासरी पाहूनच करावी: ओटावात जानेवारीचे सरासरी किमान तापमान उणे 14 अंशांच्या आसपास असते आणि एका हिवाळ्यात साधारण 220 सेंटिमीटर बर्फ पडतो.

सौम्य हिवाळा नवख्या माणसाला सोपा जातो, हा समज मला सर्वांत आधी दूर करावासा वाटतो. तापमान उणे 10 अंशांच्या खाली स्थिर असते तेव्हा पायाखालचा बर्फ कोरडा आणि खरखरीत राहतो, त्यावर चालता येते. खरा त्रास शून्याच्या आसपास सुरू होतो. दिवसा वितळलेले पाणी रात्री पदपथावर गोठते, सकाळी त्यावर भुरभुर हिम पडून ते झाकले जाते, आणि घसरून पडेपर्यंत ते दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गोठणारा पाऊस. वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत थंड हवा असली की पाऊस पाण्याच्याच रूपात खाली येतो आणि फांद्या, तारा, पायऱ्या यांना स्पर्श होताक्षणी गोठतो. जानेवारी 1998 मध्ये अशा पावसाने ओटावापासून माँट्रियलपर्यंतच्या पट्ट्यात विजेचे मनोरे कोसळले आणि लाखो लोक ऐन थंडीत विजेविना राहिले. एप्रिल 2023 मध्येही याच भागात अशा पावसाने झाडे मोडली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. म्हणून बुटांच्या तळव्याला बाहेरून चढवायचे रबरी, खिळ्यांचे पट्टे घरातील प्रत्येकासाठी घ्या. जाड कोटाइतकेच ते आवश्यक आहेत, आणि सौम्य हिवाळ्यात तर कोटाहून अधिक.

बर्फ नसल्याने काय हरवते, हे तो पाहिलेला नसताना समजणे कठीण आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे सूर्य दुपारी साडेचारच्या आधीच मावळतो. ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी 80 टक्क्यांहून अधिक परत फेकतो, त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडसुद्धा अनेक पटींनी वाढतो आणि लांबलचक रात्री सुसह्य होतात. बर्फ आवाज शोषतो, म्हणून शहर शांत होते. 2023-24 च्या हिवाळ्यात कितीतरी आठवडे तपकिरी गवत, ओले डांबर आणि खाली उतरलेले ढग एवढेच समोर होते. थंडी कमी असूनही मन जड झाल्याचे माझ्या ओळखीतील अनेकांनी सांगितले आणि मलाही तसेच जाणवले. तुमच्या पहिल्या वर्षी असे घडले तर दोष स्वतःच्या निर्णयाला देऊ नका. उजेड असेल त्या वेळी रोज बाहेर पडा.

मातीलाही बर्फ हवा असतो. त्यात अडकलेल्या हवेमुळे तो जमिनीवर गोधडीसारखा पसरून राहतो. तो नसेल आणि मधेच कडक थंडी आली, तर गोठण खोलवर उतरते आणि पेरलेल्या हिवाळी गव्हाची मुळे धोक्यात येतात.

शहराचे सर्वांत मोठे नुकसान मात्र रीडो कालव्याचे आहे. 1832 मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा कालवा शहराच्या मध्यातून जातो आणि 1970-71 च्या हिवाळ्यापासून त्याचा 7.8 किलोमीटरचा भाग गोठल्यावर स्केटिंगसाठी खुला केला जातो. लोक त्यावरून कार्यालयात जातात, आजीआजोबा नातवंडांना घसरगाडीतून ओढत नेतात, आणि परक्या शहरात आलेल्या कुटुंबाला येथे आपणही सामावलो असे वाटायला लावणारी याच्यासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. त्यासाठी सुमारे 30 सेंटिमीटर जाडीचा चांगला बर्फ लागतो, आणि तो धरायला सलग कडक थंडीचे बरेच दिवस जावे लागतात. 2022-23 मध्ये इतिहासात प्रथमच कालवा एकदाही उघडला नाही. 2023-24 मध्ये तो उघडला, पण सारे मिळून केवळ दहा दिवस, आणि तेही काही भागापुरता.

ही केवळ शहरवासीयांची हौस नाही. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोच्या उत्तर भागातील अनेक मूलनिवासी वस्त्यांना एरवी विमानाशिवाय वाट नसते. इंधन आणि बांधकामाचे सामान हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तलावांवरून जाणाऱ्या रस्त्यांनीच पोहोचते. 2023-24 च्या हिवाळ्यात ते रस्ते वेळेवर तयार न झाल्यामुळे तेथील मूलनिवासी नेतृत्वाने फेब्रुवारी 2024 मध्ये आणीबाणी जाहीर केली. सौम्य हिवाळ्याला ‘बरे झाले’ म्हणण्यापूर्वी हे लक्षात असावे असे मला वाटते.

आता खरेदीविषयी. जाड कोट भारतातून आणू नका, येथे उतरल्यावर घ्या. येथील दुकानांत बुटांवर ते किती उणे तापमानापर्यंत चालतात हे लिहिलेले असते. तिकडून आणायचेच असेल तर अंगालगतचे उबदार कपडे आणा. बूट जलरोधक असावेत, कारण सौम्य हिवाळ्यात पाय बर्फापेक्षा चिखलपाण्यानेच अधिक गारठतात. हिवाळी टायर ऑन्टारियोत कायद्याने सक्तीचे नाहीत, पण नदीपलीकडच्या क्वेबेक प्रांतात तेथे नोंदलेल्या मोटारींना 1 डिसेंबर ते 15 मार्च ते लावावेच लागतात, तेव्हा घर पलीकडच्या काठावरील गॅटिनो शहरात घेणार असाल तर हा खर्च टळत नाही. ओटावात राहिलात तरी ते लावाच: तापमान 7 अंशांखाली गेले की साध्या टायरांचे रबर कडक होऊन पकड कमी होते, मग बर्फ असो वा नसो.

मुलीसाठी नोव्हेंबर हा योग्य महिना आहे, कारण त्याच सुमारास पहिला बर्फ पडतो, आणि 2023-24 सारख्या वर्षीही तो अधूनमधून पडलाच. तो टिकत नाही, एवढेच. म्हणून पहिल्या चांगल्या हिमवर्षावाच्या दिवशी इतर कामे बाजूला ठेवून तिला बाहेर न्या, पुढच्या शनिवारची वाट पाहू नका. स्केटिंग मात्र तिला महापालिकेच्या बंदिस्त रिंकवर आल्याआल्याच शिकवायला घ्या आणि तिचे पाय दर वर्षी वाढणार असल्यामुळे स्केट्स जुनेच विकत घ्या. कालवा उघडलाच तर तो किती दिवस खुला राहील याचा भरवसा नाही, तेव्हा त्या दिवसांत तिला नुसते उभे राहायला शिकण्यात वेळ घालवावा लागू नये.