हाडात काच भरतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या दिराचा दोन वर्षांपूर्वी पात्रादेवीच्या हायवेवर बाईकचा अपघात झाला. नडगी मोडली, ऑपरेशन झालं, पण जखमेतून मधूनमधून पू येतोच. आता डॉक्टर म्हणतात सडलेलं हाड खरवडून काढू आणि पोकळीत काचेचे दाणे भरू. हे ऐकल्यापासून सासूबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही. काच आत टोचणार नाही का? नंतर काढावी लागते का? चवथीपर्यंत तो चालेल ना?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा की ही खिडकीची काच नव्हे. खिडकीच्या काचेत सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, ७० टक्क्यांच्या वर असतो म्हणून ती वर्षानुवर्षं पावसात तशीच राहते. या काचेत सिलिका मुद्दाम कमी ठेवतात, सोडा आणि चुना भरपूर, थोडा फॉस्फरस, त्यामुळे शरीरातल्या पाण्यात ती हळूहळू विरघळते. आधी सोडियम बाहेर पडतो, दाण्यावर सिलिकाचा जेलीसारखा थर येतो आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट बसत जातं, जे आपल्या हाडातल्या खनिजासारखंच असतं. मग हाडाच्या पेशी त्याला परकं न मानता त्यावर नवं हाड रचतात. टोचायचा प्रश्नच येत नाही, काढावीही लागत नाही.

ही काच सुचली ती युद्धामुळे. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच हे काचेचे अभ्यासक एका कॉन्फरन्सला बसने जात होते, शेजारी व्हिएतनामहून परतलेले एक कर्नल. जखमी सैनिकांच्या शरीरात धातू-प्लास्टिक टिकत नाही, शरीर स्वीकारेल असं काही बनवता येईल का, असं त्यांनी विचारलं. १९६९ मध्ये हेंच यांनी फ्लोरिडात पहिली अशी काच बनवली, ४५ टक्के सिलिकाची. हा प्रसंग मला फार आवडतो, कारण प्रश्न विचारणारा डॉक्टर नव्हता की शास्त्रज्ञ नव्हता.

तुमच्या दिरासारख्या केसमध्ये बहुतेक ५३ टक्के सिलिकावाली काच वापरतात, एस५३पी४ म्हणतात तिला, ती फिनलंडमध्ये तयार झाली. ती विरघळताना आजूबाजूचा भाग अल्कलाइन करते आणि क्षारांचं प्रमाण वाढवते, त्यात जंतूंना वाढणं कठीण जातं. पण म्हणून अँटिबायोटिक बंद नाही हां! आणि माझं स्पष्ट मत सांगतो, काचेपेक्षा आधीचं खरवडणं महत्त्वाचं, मेलेलं हाड आत राहिलं तर वर काहीही भरा, पू परत येणार.

दुसरी गोष्ट, ही काच ठिसूळ, भार घेत नाही. म्हणून चवथीचं मी वचन देत नाही. पायावर वजन कधी टाकायचं, रॉड किंवा प्लेट लागेल का, हे सर्जनलाच विचारा आणि गणपतीवरची माटोळी बांधायला त्याला स्टुलावर चढू देऊ नका. एक्सरेत दाणे बरेच महिने, कधी काही वर्षंसुद्धा पांढरे दिसतात, ते बघून घाबरू नका. ताप, लाली, पू दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. शुगर असेल तर ताब्यात ठेवायची आणि सिगरेट पूर्ण बंद, हाड भरायला तिच्यासारखा अडथळा नाही.

प्रश्न : सेन्सिटिव्ह दातांच्या टूथपेस्टमध्येही हीच काच असते म्हणतात, खरं का?
— म्हापसा

उत्तर : काही पेस्टमध्ये असते, सगळ्यांत नाही. ट्यूबवर कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट लिहिलेलं बघा, ती हेंच यांचीच काच, अगदी बारीक पूड केलेली. दाताच्या उघड्या पडलेल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी ती खनिजाचा थर बसवते, म्हणून थंड सोलकढी पिताना कळ कमी येते. फरक पडायला काही दिवस रोज वापरावी लागते. कीड लागून पडलेला खड्डा यानं बुजत नाही, तो डेंटिस्टकडूनच भरून घ्या.