लॉगची कॉपी खिशात, पण दाखला कंपनीच्या हातात

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सर्व्हर सांभाळायचो. नोकरी सोडल्यावर नोटीस आली : ‘११ तारखेला सायंकाळी ७.१० वाजता, तुम्ही ड्युटीवर असताना, तुमच्या लॉगिनवरून जॅकार्ड डिझाइनच्या फाइली डिलीट झाल्या.’ लॉगची, म्हणजे सर्व्हरवर कोणी कधी काय केलं त्या नोंदीची, कॉपी माझ्या पेनड्राइव्हवर आहे. डॉकर कंटेनरमध्ये (संगणकातच वेगळी चालणारी बंदिस्त जागा) तपासली तर वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, निघाली. म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे १२.४०, तेव्हा मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये होतो. हे कोर्टात चालेल का?

उत्तर : भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे तुमचा हिशेब बरोबर आहे. पण सर्व्हर यूटीसीवर होता हे कशावरून? लॉगच्या ओळीत वेळेपुढे ‘झेड’ किंवा ‘+००:००’ (दोन्ही यूटीसीच्या खुणा) आहे का, ते आधी बघा. नसेल तर कंटेनरने यूटीसी दाखवलं याला काही अर्थ नाही. कंटेनर मुळातच बहुधा यूटीसीवर चालतो, ते त्याचं घड्याळ झालं, सर्व्हरचं नव्हे. मग सर्व्हरची टाइमझोन सेटिंग वेगळी सिद्ध करावी लागेल.

रेल्वेच्या तिकिटावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. कुर्डुवाडीच्या पुढूनही मोबाइलवरून लॉगिन करता येतं, आणि समोरचा वकील हे विचारणारच. त्या ओळीतला आयपी पत्ता, म्हणजे लॉगिन कुठल्या जोडणीवरून झालं तो क्रमांक, जास्त बोलका आहे. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर लॉगिन कारखान्याच्या आतून झाल्याची शक्यता मोठी. मात्र व्हीपीएनने (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची सोय) आलेल्यालाही असा पत्ता मिळू शकतो, म्हणून व्हीपीएनचा लॉगही हवा.

आता अडचणीचं. ही कॉपी घेतली कधी? नोकरीत असताना, कामाचा भाग म्हणून घेतली असेल तर बाजू मांडता येईल. नोकरी सोडल्यावर विनापरवानगी घेतली असेल तर विनापरवानगी डेटा कॉपी करण्याबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमच्यावरच उलटतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून नोटिशीच्या उत्तरासोबत ही कॉपी जोडू नका. घाबरून पुसूनही टाकू नका. पुरावा पुढे येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत ती खरी असल्याचा दाखला लागतो. त्याचा एक भाग यंत्रणेचा ताबा असणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. दोन्हींत फाइलची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, येते. सर्व्हरचा ताबा आज कंपनीकडे आहे, आणि कंपनी तुम्हाला दाखला हसत देणार नाही. त्यावर वाट आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दाखला अनिवार्य ठरवला, पण समोरचा देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून तो मागता येतो, असंही सांगितलं. निकाल जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५-ब वरचा असला तरी नव्या कायद्यातही आपण त्यावरच बोट ठेवू.

घाई एकाच गोष्टीची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. त्यानंतर ‘जुने लॉग निघून गेले’ म्हणायला मोकळीक. म्हणून उत्तरातच सर्व्हर, व्हीपीएन आणि फायरवॉलचे त्या तारखेचे लॉग जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. स्पीड पोस्टाची पावती सांभाळा.

तुमचा कंटेनर वाया गेला असं नाही. तज्ज्ञाला तीच तपासणी पुन्हा करून तोच निष्कर्ष काढता आला तर उलटतपासणीत तो टिकतो. त्यासाठी इमेज (ज्या साच्यातून कंटेनर बनतो तो) ‘लेटेस्ट’ टॅगने, म्हणजे नावाच्या चिठ्ठीने नव्हे, डायजेस्टने, म्हणजे तिच्या स्वतःच्या हॅशने नोंदवा, कारण टॅगखालची इमेज बदलते. लॉग रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असा) जोडा, नेटवर्क बंद ठेवा, आधीची आणि नंतरची एसएचए-२५६ हॅश लिहून ठेवा. हे सगळं कॉपीच्या कॉपीवर. पेनड्राइव्ह पाकिटात सील करून ठेवा.

पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे हजर राहण्याची, नोटीस आली तर हजर राहा, टाळू नका. अटकेची धास्ती वाटली तर सोलापूरच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.