स्कुपश्तिना : सभा की संसद?

प्रश्न असा आहे : एकोणिसाव्या शतकातल्या सर्बियाविषयी मराठीत लिहिताना तिथल्या ‘नारोद्ना स्कुपश्तिना’ला सरसकट ‘संसद’ म्हणावे का?

सरसकट म्हणू नये. स्कुपश्तिना म्हणजे मुळात जमाव, मेळावा; ‘नारोद्ना’ म्हणजे लोकांची किंवा राष्ट्राची. शब्दशः ‘राष्ट्रीय सभा’ होईल, पण मराठीत ते नाव काँग्रेसला इतके चिकटले आहे की वाचकाचा गोंधळ व्हायचा. म्हणून व्युत्पत्ती बाजूला ठेवून त्या त्या वर्षी या सभेच्या हातात काय होते ते बघावे.

१८५८ च्या, सेंट आंद्रेयाच्या सणाला भरलेल्या सभेने प्रिन्स अलेक्झांडर काराजॉर्जेविचला पदच्युत करून वृद्ध मिलोश ओब्रेनोविचला परत बोलावले. एवढी ताकद दाखवूनही कायदे करण्याचे काम तिच्याकडे आले नाही. पुढे मिलोशचा मुलगा आणि वारस मिहाइलो याच्या १८६१ च्या कायद्याने ती तीन वर्षांतून एकदा भरणारी, सल्ला देणारी सभा झाली. इथपर्यंत ‘सभा’ हाच शब्द नेमका.

खरी अडचण १८६९ च्या राज्यघटनेने येते. तिच्यानुसार सभेच्या संमतीशिवाय कायदा होत नसे, म्हणजे विधिमंडळाचे मुख्य लक्षण आले. पण विधेयक मांडण्याचा हक्क राज्यकर्त्याकडेच. सभा फार तर ‘अमुक कायदा करावा’ अशी विनंती करी. शिवाय निवडून आलेल्या दर तीन सभासदांमागे एक राज्यकर्त्याने नेमलेला असे. सरकारी अधिकारी आणि वकील यांना निवडणूक लढवता येत नसे, नेमणुकीने मात्र येता येई. कायद्याची भाषा जाणणारे बरेचसे लोक त्यामुळे राज्यकर्त्याच्याच मर्जीने सभेत बसत. मला ही तरतूद फार बोलकी वाटते. या काळासाठी मी ‘विधिमंडळ’ लिहीन. अंतिम सत्ता तिथेच आहे, असा ‘संसद’ शब्दातून होणारा भास त्याने टळतो.

१८८८ च्या घटनेने नेमलेले सभासद गेले आणि विधेयक मांडण्याचा हक्क सभेलाही मिळाला. इथे ‘संसद’ निःशंकपणे लिहावे. फक्त भारताच्या संसदेसारखी दोन सभागृहे तिथे नव्हती, हे एकदा सांगून टाकावे.

मात्र १८९४ मध्ये राजा अलेक्झांडर ओब्रेनोविचने ती घटना रद्द करून १८६९ चीच पुन्हा लागू केली. तेव्हा त्या वर्षापासून तुमच्या मजकुरातही ‘विधिमंडळ’ परत आणावे लागेल.