कंपनीच्या ट्रक स्कूलमध्ये नापास झालो तर?

इंडियानातून एका मुलाचं पत्र आलंय. वय 24, मूळ सांगली जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, चार वर्षांपूर्वी मामांनी स्पॉन्सर केलं म्हणून आईबाबांसोबत ग्रीन कार्डवर आला. कम्युनिटी कॉलेज दोन सेमिस्टरनंतर सोडलं, सध्या वेअरहाऊसमध्ये आहे. एका ट्रकिंग कंपनीने त्याला ट्रेनिंगला घेतलंय, फी कंपनी भरणार, बदल्यात लायसन्स मिळाल्यावर एक वर्ष त्यांच्याकडेच गाडी चालवायची. पाच आठवड्यांनी जायचंय. पण त्याच्याच शिफ्टमधला एक मित्र अशाच स्कूलमधून नापास होऊन बसने परत आला, तेव्हापासून याला झोप नाहीये. तो विचारतो, "मी फेल झालो तर काय, पैसे अंगावर पडतील का, आणि ताई, बाबांना अजून सांगितलेलंच नाही."

अरे, पहिलं हे सांगते की तुझी भीती खरी आहे, त्या शाळांमधून मुलं खरंच परत जातात, त्यामुळे "काही होत नाही रे" असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या भीती एकात एक गुंतल्यात, एक गाडीची आणि एक कागदाची. गाडीचं सरावाने सुटतं. कागदाचं मात्र बसमध्ये बसायच्या आधीच सोडवायचं असतं, नंतर नाही, आणि तुझ्या पत्रात कॉन्ट्रॅक्टबद्दल एकच ओळ आहे, "साईन करायला पाठवतो म्हणाले". मला जास्त काळजी त्या ओळीची वाटली.

तरी आधी गाडीचं बघू. परीक्षा एकच नसते, तीन भाग असतात आणि क्रमाने होतात. आधी गाडीची तपासणी म्हणजे प्री-ट्रिप, मग यार्डात रिव्हर्स वगैरे, मग रस्त्यावर. पहिल्यात अडकलास तर पुढचं त्या दिवशी होतच नाही. आणि माझ्याकडे आलेली जी मुलं अडकली त्यातली बरीचशी रस्त्यावर नाही, प्री-ट्रिपमध्येच अडकली, कारण तिथे गाडी चालवायची नसते, बोलायचं असतं, इंग्लिशमध्ये, परीक्षकासमोर, एकेका भागाला हात लावून. मराठी मीडियमच्या मुलाला घाम फुटतो तो इथे.

साताऱ्याकडचा एक मुलगा होता माझ्याकडे, गाडी चांगली चालवायचा, पण प्री-ट्रिपला दोनदा नापास. मी त्याला विचारलं पाठ कसं करतोस, तर म्हणे शाळेने दिलेला इंग्लिश कागद रात्री वाचतो. मग आम्ही तोच सगळा कागद देवनागरीत उतरवून काढला, "स्लॅक ॲडजस्टर, प्रॉपरली माउंटेड अँड सिक्युअर्ड, नॉट क्रॅक्ड, बेंट ऑर ब्रोकन, हाताने ओढला तर एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये", असं (स्लॅक ॲडजस्टर म्हणजे चाकाजवळचा ब्रेकचा दांडा), आणि तो लहानपणी पाढे म्हणायचो तसं मोठ्याने म्हणायचा, वडिलांच्या कॅमरीभोवती फिरत, बॉनेटला इंजिन समजून, मागच्या चाकाला ट्रेलरचं टँडम, म्हणजे मागची जोडचाकं, समजून. पुढच्या टायरची नक्षी कमीत कमी 4/32 इंच खोल, बाकीच्यांची 2/32, टायरवर कट नाही, फुगवटा नाही, घासलेलं नाही. तिसऱ्यांदा पास झाला. तूही आजपासून हेच कर, कॅमरी नसेल तर जी गाडी असेल तिच्याभोवती फिर, पाच आठवडे खूप झाले याला.

त्यातला एअर ब्रेकचा भाग तर झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे, कारण बाकी सगळं बरोबर सांगितलं आणि हा चुकला तर तिथेच नापास. चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावलेली, इंजिन बंद, चावी ऑन, पार्किंग ब्रेक सोडलेले, पेडल घट्ट दाबून धरायचं आणि पूर्ण एक मिनिट काट्याकडे बघायचं, ट्रेलर जोडलेल्या गाडीला त्या मिनिटात 4 पीएसआयपेक्षा (काट्यावर हवेचा दाब पीएसआयमध्ये दिसतो) जास्त हवा उतरता कामा नये. मग पेडल मारत मारत हवा कमी करायची, आधी वॉर्निंगचा दिवा आणि बझर यायला हवा, आणखी कमी केली की पार्किंग ब्रेकची बटणं आपोआप बाहेर येतात. आकडा आणि क्रम दोन्ही तोंडाने बोलायचे. घाबरलेली मुलं मिनिट पूर्ण होऊ देत नाहीत, मनातल्या मनात भराभर मोजतात. घड्याळ बघायचं.

आता रिव्हर्स. तू लिहिलंयस की काकांचा ट्रॅक्टर चालवायचास आणि दोन चाकी ट्रॉली गोठ्यापर्यंत रिव्हर्स घ्यायचास. अरे मग तुझ्याबरोबरच्या निम्म्या मुलांना जे पहिल्यांदा कळायचंय ते तुझ्या हाताला माहिती आहे, की ट्रॉली स्टिअरिंगच्या उलट जाते! स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, घड्याळात सहा असतात तिथे हात धर आणि ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला हात ने, उलटसुलट हिशोब करावा लागत नाही. फरक एवढाच की ट्रॉली आखूड असते म्हणून चटकन वळते, चटकन दुमडतेही, आणि 53 फुटी ट्रेलर उशिरा ऐकतो. तू थोडं फिरवशील, काही होत नाहीये असं वाटेल, म्हणून अजून फिरवशील, आणि मग एकदम जास्त जाईल. थोडं फिरवायचं आणि थांबायचं, आरशात ट्रेलर हलायला लागलेला दिसला की लगेच सरळ करायला घ्यायचं. वेग गोगलगायीचा. उतरून बघायची मुभा असते, सरळ रिव्हर्सला एकदा आणि बाकीच्या प्रकारांना दोनदा, ती वापर, लाजू नको, ब्रेक लावून, तीन ठिकाणी धरून नीट उतर. गाडी पुढे घेऊन सरळ करणं म्हणजे पुल-अप, तेही सुरुवातीला केलेलं चालतं, फारच झाले की मार्क जातात. मुलं काय करतात, पुल-अप म्हणजे हार मानली असं समजून तशीच मागे रेटतात आणि हद्द दाखवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन उडवतात.

रस्त्यावरचं फार लिहीत नाही, ते तिथे शिकवतात. वळताना ट्रेलरची मागची चाकं आतून कापतात एवढं डोक्यात ठेव, आणि स्टॉप साइनला पूर्ण थांब, चाक थांबलं पाहिजे. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे आता ऑटोमॅटिक गाड्या आहेत, त्यावर परीक्षा दिलीस तर लायसन्सवर मॅन्युअल चालवायचं नाही असा शिक्का येतो, पुढे काही नोकऱ्यांना तो नडतो, पण आत्ता त्याचं टेन्शन घेऊ नको.

एक गोष्ट मात्र जायच्या आधी नक्की विचार. 7 फेब्रुवारी 2022 पासून नवीन ड्रायव्हरला सरकारी यादीतल्या शाळेतूनच ट्रेनिंग घ्यावं लागतं, पण त्या नियमात गाडी हातात किती तास मिळाली पाहिजे असा आकडाच नाहीये, इन्स्ट्रक्टरला तू तयार वाटलास की झालं. म्हणजे एका शाळेत एका ट्रकमागे दोन मुलं असतील आणि दुसरीकडे चार, एक चालवणार आणि बाकीचे मागे बंकवर बसून बघणार. तुझा मित्र का नापास झाला हे तू लिहिलं नाहीयेस, त्याला विचार की त्याला रोज स्टिअरिंग किती वेळ मिळत होतं. रिक्रूटरलाही विचार, एका ट्रकमागे किती जण, टेस्टला किती संधी देता, नापास झालो तर परत सराव देता की घरी पाठवता.

आणि परमिट, म्हणजे ट्रकचं शिकाऊ लायसन्स, घरूनच काढून जा. लेखी परीक्षेत जनरल नॉलेजचे 50 प्रश्न, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशनचे (म्हणजे ट्रेलर जोडलेल्या गाडीचे) वेगळे, प्रत्येकात 80 टक्के लागतात, राज्याचं मॅन्युअल फुकट मिळतं. परमिट मिळाल्यावर 14 दिवस तरी गाडीची परीक्षा देता येत नाही, ते दिवस घरीच गेले तर बरं, मोटेलमध्ये बसून जायला नकोत. फक्त कंपनीला आधी विचार, काही जणांना परमिट त्यांच्या पद्धतीनेच काढलेलं हवं असतं.

पहिल्या दोन दिवसांत जी मुलं परत जातात ती तर गाडीला हात लावायच्या आधीच जातात, मेडिकल आणि ड्रग टेस्टमुळे, नाहीतर अर्जात काही लपवलेलं सापडलं म्हणून. गांजा तुमच्या शेजारच्या राज्यात दुकानात मिळतो म्हणून चालतो असं नाही, ट्रक ड्रायव्हरला केंद्राचा नियम लागतो, आणि पॉझिटिव्ह आलास तर ते फेडरल रेकॉर्डवर जातं, मग दुसऱ्या कंपनीतही दार बंद. तू घेत असशील असं म्हणत नाहीये मी, पण रूममेटबरोबर एकदा ओढली असंही चालत नाही हे सांगायला हवं. जुनं स्पीडिंगचं तिकीट असेल तर अर्जात लिही, लिहिलेलं बहुतेक वेळा चालतं, लपवलेलं नाही.

इंग्लिशचंही तू विचारलंयस. जून 2025 पासून रस्त्यावरच्या तपासणीत ड्रायव्हरला इंग्लिश बोलता आणि पाट्या वाचता आल्या नाहीत तर त्याला तिथेच थांबवतात, पुढे चालवू देत नाहीत. तू वेअरहाऊसमध्ये दिवसभर इंग्लिशच बोलतोस, तुला जमेल, पण घरी मोठ्याने बोलायची सवय ठेव. (आणि हे वाचणाऱ्या स्टुडंट व्हिसावरच्या मुलांनो, तुमचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे, या मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, त्याचं बघून कुठे अर्ज करू नका.)

आता कागद. कॉन्ट्रॅक्ट आधी ईमेलवर मागव. "इथे आल्यावर देतो" म्हणाले तर मागत राहा, कारण तिथे पोचल्यावर, खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे नसताना, वीस जणांच्या रांगेत उभं राहून कुणी काही वाचत नाही. त्यात हे शोध की नापास झालास तर फी तुझ्याकडून मागतात का, मागतात तर पूर्ण की काही भाग, व्याज लागतं का, परतीचं तिकीट कुणाचं. आणि पास झालास तरी ते एक वर्ष कधीपासून मोजतात, लायसन्सच्या दिवसापासून की ट्रेनरबरोबरचे आठवडे संपून तू एकटा चालवायला लागलास तेव्हापासून. सहा महिन्यांनी सोडलंस तर अर्धी फी माफ होते की पूर्ण द्यावी लागते. हा शेवटचा मुद्दा मुलांना सगळ्यात महाग पडतो. माझ्या ओळखीतला एक जण अकराव्या महिन्यात घरच्या अडचणीने सोडून आला आणि त्याच्या मागे पूर्ण फी लागली, कारण त्याच्या कागदात महिन्यागणिक कमी होण्याचं कलमच नव्हतं, आणि सही करायच्या दिवशी त्याने फक्त पगाराचं पान वाचलं होतं. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

उत्तरं बरी असतील तर जा. कंपनीचं स्कूल वाईट नसतं, खिशातून काही न घालता हातात लायसन्स आणि नोकरी मिळते, सरकारी आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरची मध्यम कमाई वर्षाला 57,440 डॉलर होती, पहिल्या वर्षी कमी धर. उत्तरं बरी नसतील, किंवा गेलास आणि नापास झालास, तर दुसरा रस्ता आहे आणि तो तू राहतोस तिथेच आहे. अमेरिकन जॉब सेंटर या नोकरीसाठी मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात जा आणि वायोआ (WIOA) या ट्रेनिंगला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेतून सीडीएल, म्हणजे ट्रकच्या लायसन्सच्या, ट्रेनिंगचे पैसे मिळतात का विचार, पात्र ठरलास तर कम्युनिटी कॉलेजच्या किंवा खाजगी शाळेच्या कोर्सची फी त्यातून भरली जाते, आणि नंतर कुठल्या कंपनीकडे जायचं ते तू ठरवतोस. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. पण त्यासाठी सिलेक्टिव्ह सर्व्हिसला, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीची वेळ आली तर वापरायच्या सरकारी यादीत, नाव नोंदवलेलं लागतं, 18 ते 25 वयाच्या ग्रीन कार्डवाल्या मुलांनाही ते बंधनकारक आहे आणि आपल्या घरांमध्ये हे कुणालाच माहिती नसतं. तू 24 चा आहेस, 26 झालास की नोंदणी करता येत नाही. आज रात्री वेबसाइटवर नाव बघ, नसेल तर लगेच कर, ट्रकचं काहीही होवो.

आणि जर यार्डात दोन आठवडे झाले तरी स्टिअरिंगवर बसल्यावर हातपाय गार पडत असतील तर थांबायलाही हरकत नाही, हे मी मनापासून सांगतेय. ती 80,000 पाउंडांपर्यंतची गाडी आहे, शेजारच्या लेनमध्ये कुणाची तरी लेकरं असतात. दिवसाला 11 तास चालवायची, आठवडे आठवडे घराबाहेर राहायचं, हे सगळ्यांना मानवत नाही.

बाबांचं. तू लिहिलंयस की ते मोटेलच्या डेस्कवर रात्रपाळी करतात आणि "कॉलेज सोडून ड्रायव्हर झाला" हे त्यांना गावी सांगायला लागेल म्हणून तू गप्प आहेस. अरे, तीन-चार आठवडे तू अनोळखी मुलाबरोबर एका खोलीत असणार, दिवसभर कोन उडवून आलेला, आणि तेव्हा रात्री दोन वाजता जागा असलेला एकच माणूस तुझ्या ओळखीचा आहे. त्यांना आत्ताच सांग. पण नुसतं सांगू नको, ते कॉन्ट्रॅक्ट प्रिंट काढून त्यांच्या डेस्कवर घेऊन जा आणि म्हण की बाबा, हे माझ्याबरोबर वाचा. इंग्लिश कलमं दोघांना मिळून नाही कळली तर नाव खोडून मला पाठव, मी फोनवर वाचून सांगेन. सही त्यानंतर. आणि परमिट हातात आलं की कळव, ऑफसेट बॅकिंगचं, म्हणजे रिव्हर्स घेत शेजारच्या लेनमध्ये जायचं, मला तुला कागदावर काढून दाखवायचंय.