मॅडम, केस तर मिटलीय, मग फॉर्मवर कशाला लिहू?

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच मला कळतं. बाहेर जॉब लागलाय, एजंटने कागद मागितलेत आणि मागे कुठेतरी एक जुनी केस आहे. कुणाची भांडणाची, कुणाची गाडी ठोकल्याची. म्हणून आज माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एकाबद्दल लिहितेय, त्याला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

मुलगा भांडुपचा, वय 33, आयटीआय केलेला एसी मेकॅनिक, ऑस्ट्रेलियात कामाची ऑफर. व्हिसाच्या फॉर्मवर प्रश्न होता, कुठल्याही देशात कधी शिक्षा झालीय का, आणि रेकॉर्डवरून काढून टाकलेली असली तरी सांगा. 2015 च्या दहीहंडीला मारामारी झालेली, एकाचा ओठ फुटला, ह्याच्यावर केस. एजंट म्हणाला, "नाही"वर टिक कर, वीस हजार दे, पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, क्लीन आणून देतो. (पीसीसीची सरकारी फी 500 रुपये आहे, पासपोर्ट सेवाच्या साइटवर भरायची, बस्स.) ह्याची झोप उडालेली, बायकोवर चिडचिड, आणि तिला केसबद्दल काहीच माहीत नाही.

पहिल्या दोन भेटींत तो एकच बोलत राहिला, केस मिटली ना मॅडम. तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "मिटली म्हणजे नक्की काय झालं?"

"म्हणजे... मिटली. वकील बोलला साहेबांना हो बोल, मी हो बोललो. हजार रुपये भरले."

"आणि लगेच घरी?"

"नाय, मागच्या बाकड्यावर बसवून ठेवलं संध्याकाळपर्यंत. मला वाटलं कागदावर सही राहिली असेल."

मी म्हटलं, कोर्टातून निकालाची नक्कल काढून आण. आणली, पण उघडलीच नव्हती. मी त्याला मोठ्याने वाचायला लावली. आरोपीने गुन्हा कबूल केला, कलम 323, न्यायालय उठेपर्यंत कैद व 1000 रुपये दंड. तो "उठेपर्यंत"वर थांबला, बोटाने ओळ धरून परत वाचली.

"म्हणजे ते बाकडं..."

"हो. कोर्टाचं त्या दिवसाचं काम संपेपर्यंत बसणं, तीच शिक्षा होती."

बराच वेळ गेला. मी पाणीसुद्धा पुढे केलं नाही, अशा वेळी मध्ये पडायचं नसतं हे मी इतक्या वर्षांत शिकलेय. मग तो म्हणाला, "म्हणजे मी गुन्हेगार आहे." ह्याच वाक्याला तो दहा वर्षं घाबरत होता आणि "मिटली" हा शब्द त्यावर झाकण होता, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

मी समुपदेशनातली विवेकनिष्ठ पद्धत मानणारी, माणूस आणि त्याची एक कृती वेगळी धरते. पण हे भाषण त्याला दिलं नाही. विचारलं, तू जोडलेल्या पाइपमधून गॅस लीक झाला तर? "परत जाऊन जॉइंट मारायचा." आणि कस्टमरला सांगितलंस की लीकच नाही? "गॅस तर जाणारच ना मॅडम," म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. त्या दिवशी घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं, मी न सुचवता.

आता जे मी सगळ्यांनाच सांगते. आधी आपली केस कशी संपली ते कागदावर बघा. ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने शोधता येतं, नाही सापडलं तर कोर्टात जाऊन नक्कल काढा. निर्दोष सुटणं, तडजोड होणं, हायकोर्टात एफआयआर रद्द होणं आणि गुन्हा कबूल करून दंड भरणं, घरात चारही "मिटली"च म्हणतात पण चौथी शिक्षा आहे, भले बाकड्यावरची असो. नुसती एनसी (पोलिसांकडची अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) किंवा चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतात ती) म्हणजे शिक्षा नाही. केस कोर्टात चालू असेल तर आधी कोर्टाची परवानगी काढा, त्यावर पासपोर्ट मिळतो, कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर साधारण एक वर्षाचा.

आणि लपवू नका हो. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत 12 महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झालेला माणूस आपोआप अडकतो, ह्याची तर एका दिवसाचीही नव्हती. पण खोटी माहिती पकडली गेली तर तिथे 3 वर्षं दार बंद, कॅनडात 5. म्हणजे ज्या गोष्टीने कदाचित काही बिघडलं नसतं ती लपवून सगळं घालवायचं. सोबत वकिलाचा सल्ला घ्याच, माझं काम मनापुरतं.

त्याने फॉर्मवर हो लिहिलं, खाली चार ओळी, काय झालं, कधी, काय शिक्षा, त्यानंतर काही नाही. आधी मराठीत लिहिल्या, मग बायकोने इंग्रजी केलं. व्हिसाचं उत्तर यायचंय अजून. पीसीसीच्या चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा दार त्यानेच उघडलं आणि त्यांनी विचारायच्या आधी म्हणाला, "साहेब, माझी एक जुनी केस आहे, ही तिची नक्कल."