हळदीला मी पुढं बसू का?

तुमचं पत्र, आमचं उत्तर

या महिन्यात पत्रं बरीच आलीत पण तीन पत्रं अशी की ती एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटली. कोणाचं नाव-गाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

प्रश्न : ताई, सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातून लिहितेय, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. माझे मिस्टर जाऊन चौदा महिने झाले, अटॅक आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा चर्चची अख्खी मंडळी धावून आली, आठ दिवस चूल पेटवू दिली नाही कोणी, पाळकसाहेब रोज संध्याकाळी प्रार्थनेला यायचे. मग हळूहळू जो तो आपापल्या कामाला लागला. त्यांचं चुकलं असं नाही म्हणत मी, पण संध्याकाळी सहा ते नऊ घर खायला उठतं. चर्चमध्ये कोणाजवळ बोलायला गेलं की देवाची इच्छा होती, ते आता चांगल्या ठिकाणी आहेत, आपल्याला पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेले परत उठतील याची, आशा आहे ना मग रडायचं नाही, असं म्हणतात आणि विषय संपतो. आशा मलापण आहे हो, पण म्हणून आठवणच येऊ नये का? आता खरा प्रश्न. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे, तिला मी अंगाखांद्यावर वाढवलीय. परवा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, हळदीच्या दिवशी तू मागं स्वयंपाकाचं बघ, पुढं बसलीस की तुलाच त्रास होईल. बाई मनानं वाईट नाहीत पण मला कळायचं ते कळलं. मी काय करू? आणि पत्रिका हातात घेतली की मला रडूच येतं, म्हणजे मला तिचा आनंद झाला नाही का, हे पाप आहे का?

उत्तर : पुढं बसा. मुलीला हळद लावा. बाकीचं सगळं यानंतर बोलू.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौलाने लिहिलंय, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. हे एकच वचन आहे बघा, पंधरावं, आणि ते एकाच मंडळीतल्या त्याच माणसांना लिहिलंय. आपण काय केलं, त्याचे दोन तुकडे करून हसणाऱ्यांना मांडवात बसवलं आणि रडणाऱ्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. आपले पणजोबा-खापरपणजोबा मंडळीत आले, म्हणजे ख्रिस्ती झाले, तेव्हा येताना हळद, मांडव, ओव्या, पुरणपोळी सगळं बरोबर घेऊन आले आणि ते आणलं ते फार चांगलं केलं, आपली लग्नं त्यामुळेच आपली वाटतात. पण विधवा बाईने हळदीला हात लावायचा नाही हेपण त्याच गाठोड्यातून आलं, ते आपल्या पवित्र शास्त्रात, बायबलात, कुठेच नाही, आणि ते आपण दारातच ठेवायला हवं होतं. पंडिता रमाबाई स्वतः 1882 मध्ये विधवा झाल्या, तेविसाव्या वर्षी, लहानगी मनोरमा पदरात होती, आणि 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते अशाच मागं बसवलेल्या मुलींसाठी. त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव तुमच्या जिल्ह्याला लागूनच, दौंड तालुक्यात. तिथपासून इथपर्यंत एवढी वर्षं गेली आणि अजून आपल्याच घरात कोणीतरी हळूच सांगतं की तू मागं बस. मला याचा त्रास होतो, लपवत नाही.

आता बायबलमधलं रूथचं पुस्तक काढा, चारच अध्याय आहेत, एका बसण्यात वाचून होतं. आपण ते नेहमी सुनेची, रूथची गोष्ट म्हणून वाचतो, एकदा सासूची, नामीची म्हणून वाचा. नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, ती मवाब देशातून आपल्या गावी बेथलेहेमात परत आली तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या ही नामीच ना? तर ती भर रस्त्यात म्हणाली मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, मारा म्हणजे कडू, देवाने माझं फार वाईट केलंय. एवढं बोलली ती. आणि कोणीही तिला म्हटलं नाही की बाई असं बोलू नये, तुझा विश्वास कमी पडतोय. मग शेवटच्या अध्यायात रूथला मुलगा होतो तेव्हा त्याच गावातल्या बाया येतात, नामी त्या बाळाला मांडीवर घेते आणि शेजारणी म्हणतात नामीला मुलगा झाला. बाळाचं नावसुद्धा शेजारणींनीच ठेवलं, ओबेद, म्हणजे दावीद राजाचा आजोबा. तिचं कडू बोलणं ज्यांनी ऐकून घेतलं त्याच बाया आनंदाच्या दिवशी तिच्याभोवती होत्या, आणि बाळ एका विधवेच्या मांडीवर होतं. जाऊबाईंना हे वाचून दाखवता आलं तर दाखवा, वाद घालायला म्हणून नाही, दोघी मिळून वाचा.

रडण्याबद्दल. आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ येशू रडला हे आपल्या संडे स्कूलच्या पोरांनापण पाठ असतं कारण वचन दोनच शब्दांचं आहे. पण तो कधी रडला ते बघा ना. लाजरला आपण उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, निघण्याआधीच शिष्यांना तसं सांगूनपण झालं होतं, लाजरच्या बहिणीला, मार्थेला पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे हे म्हणूनही झालं होतं, आणि त्यानंतर दुसऱ्या बहिणीला, मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना बघून तो रडला. म्हणजे आशा आहे म्हणून रडायचं नाही हे त्याने स्वतः तरी पाळलं नाही. तुम्हाला कोणी परत तसं म्हटलं तर एवढंच सांगा.

पत्रिका बघून रडू येतं त्याचा अर्थ तुम्हाला आनंद झाला नाही असा मुळीच नाही. त्या पत्रिकेत एक नाव हवं होतं, काका म्हणून, ते आता स्वर्गवासींच्या ओळीत छापलंय, मग रडू येणार नाही तर काय होणार. आनंद आणि दुःख एकाच डोळ्यातून येतं, दोन वेगळे नळ नसतात.

जाऊबाईंशी सरळ बोला. जाऊबाई, मला तिला हळद लावायचीय, मधेच रडू आलं तर मी आत जाऊन तोंड धुऊन परत येईन, तुम्ही काळजी करू नका. एवढं पुरेल. कदाचित त्यांना खरंच तुमच्या त्रासाची भीती असेल, कदाचित चार बायका काय म्हणतील याची असेल, दोन्हीला हेच उत्तर आहे. पुतणीच्या कानावरपण घाला, माझा अनुभव आहे की आजकालच्या मुली स्वतः हात धरून पुढं आणतात. आणि त्या दिवशी अगदीच जड झालं तर लवकर घरी या, कोणी हिशोब मागणार नाही.

आता ते सहा ते नऊ. मी इतकी वर्षं नर्स होते, माणसं जाताना पाहिलीत, नातेवाइकांना धीर दिलाय, तरी माझे मिस्टर गेले तेव्हा मला स्वतःला काहीच सुचत नव्हतं. आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, ख्रिस्ती नव्हत्या, वारकरी घर त्यांचं. त्या जवळजवळ तीन महिने रोज दिवेलागणीला मेथीची नाहीतर शेपूची जुडी घेऊन यायच्या आणि माझ्या ओट्यावर बसून निवडायच्या. मलापण अर्धी जुडी द्यायच्या. बोलायच्या काय तर भाव काय होता, पाणी आलं का, नळ गळतोय. माझ्या मिस्टरांबद्दल मी बोलले की हातातली भाजी थांबायची, ऐकायच्या, परत निवडायला लागायच्या. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे तीन मित्र आठवतात का, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत होतं. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं, कारणं द्यायला लागले, आणि सगळं बिघडलं. मावशींनी ईयोब वाचला नव्हता पण त्या सात दिवसांवरच थांबल्या, पुढच्या अध्यायात गेल्याच नाहीत.

तशी एखादी मावशी आपणहून येईलच असं नाही, तेव्हा मागा. मागायला लाज वाटते हे मला माहितीय, पण धरला जाण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेपण तिघा शिष्यांकडे मागितलं होतं, इथं थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते तिघं झोपले तरी तो परत परत त्यांच्याजवळ आला. महिला मंडळातल्या दोघींना निवडा, ज्या कमी बोलतात अशा, आणि कधीतरी ये गं असं न म्हणता मंगळवारी सहाला ये, आपण शेंगा फोडू असं सांगा, दिवस आणि वेळ ठरलेली असली की माणसं येतात. बहुतेकांना यायचं असतंच, काय बोलावं कळत नाही म्हणून ते टाळतात.

आणि हे वाचणाऱ्या मंडळीतल्या माणसांना माझी एक विनंती, तुमच्याकडे कोणाचं दफन झालं की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढच्या तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्या घरी जा. पहिल्या आठवड्यात घर भरलेलंच असतं, तेव्हा तुम्ही नसलात तरी चालतं.

प्रश्न : ताई, मी पिंपरी-चिंचवडला असते, दोघंही नोकरी करतो. चार महिन्यांपूर्वी माझं मिसकॅरेज झालं. आमच्या घरगुती प्रार्थनेतल्या एका बहिणीला मी विश्वासाने सांगितलं, तर त्याच संध्याकाळी चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावासकट प्रार्थना विनंती आली. खाली जोडलेल्या हातांची रांग. सासूबाईंनापण ते तिथूनच कळलं, आम्ही त्यांना अजून सांगितलं नव्हतं. आता मला कोणाला काहीच सांगावंसं वाटत नाही, देवाला सोडून. हे चुकतंय का?

उत्तर : नाही गं, चुकलं ते तुझं नाही. तुझं बाळ गेलं आणि वर हे झालं, दोन्हीबद्दल मला खूप वाईट वाटलं.

प्रार्थना विनंती असं वर लिहिलं म्हणून दुसऱ्याची गुप्त गोष्ट आपली होत नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांत अकराव्या अध्यायात सांगितलंय की चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो, आणि तिथं प्रार्थनेसाठी असेल तर चालेल अशी सूट दिलेली नाही. देवाला नाव, वॉर्ड, कितवा महिना हे टाइप करून कळवावं लागत नाही. शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना आठव, मूल नव्हतं म्हणून मंदिरात रडून प्रार्थना करत होती, ओठ हलत होते पण आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही प्यायलीय. ती म्हणाली नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. बास, नेमकं काय मागितलं ते तिने सांगितलं नाही आणि एलीने विचारलंपण नाही, शांतीने जा, तू जे मागितलंस ते देव तुला देवो असं म्हणाला. न विचारतासुद्धा पाठीशी उभं राहता येतं. प्रत्येक प्रार्थना ग्रुपच्या अ‍ॅडमिनने हा अध्याय वाचावा असं मला मनापासून वाटतं.

त्या बहिणीला फोन न करता भेट आणि सांग, तू टाकलंस त्यामुळे असं असं झालं, मला लागलं. बहुतेक तिला कल्पनाच नसेल. सासूबाईंजवळपण बस, त्यांनापण लागलं असेल की आपल्याला शेवटी कळलं, आणि त्या पिढीतल्या कित्येक बायकांचं असं एखादं बाळ गेलेलं असतं ज्याच्याबद्दल त्या कधी बोललेल्या नसतात. देवाला सांगतेयस ते सांगत राहा, पण एक माणूस तरी ठेव, एकच, आणि सांगण्याआधी म्हण की हे इथंच राहू दे. नवऱ्यालापण विचार त्याला कसं वाटतंय, चार महिन्यांत त्याला कोणी विचारलं नसेल.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. वसईचा माझा कॉलेजचा मित्र कॅथलिक आहे, त्याचे वडील उन्हाळ्यात वारले. मी दफनाला गेलो पण मला काय करायचं ते कळत नव्हतं, कोपऱ्यात उभा राहिलो, सगळ्यांनी माती टाकली तेव्हा मी टाकू का नको या विचारात राहून गेलं. आता वाटतं कमी पडलो. काही करता येईल का?

उत्तर : दादा, तुम्ही गेलात हेच त्याला आठवत असेल. मूठमाती देताना कोणी धर्म विचारत नाही, तुम्ही टाकली असती तर घरच्यांना बरंच वाटलं असतं, पण ते राहिलं म्हणून काही बिघडलं नाही.

अजून वेळ गेलेली नाही. वर्ष झालं की वडिलांच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होईल, मित्राला तारीख विचारून ठेवा आणि जा, मागच्या बाकावर बसलात तरी चालतं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, ख्रिस्तशरीर, म्हणजे फादर देतात ती पवित्र भाकर, घ्यायला रांग लागते तेव्हा तुम्ही जागेवरच थांबा, बाकी काही अवघड नाही. त्याआधी 2 नोव्हेंबर येतो, मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी कबरी स्वच्छ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, फादर येऊन कबरींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. मित्राला म्हणा मी येतो तुझ्याबरोबर, आणि थोडं लवकर जा, कबर धुवायला आणि गवत काढायला हात लागतातच. झेंडू घेऊन जा, मेणबत्त्या घेऊन जा आणि काडेपेटी दोन न्या, संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की मेणबत्ती विझते आणि परत परत लावावी लागते, तेवढ्यात वडिलांच्या गोष्टी निघतात.